वाफसा, घोडा आणि भाव

सप्टेंबर लागला की न्यूझीलंडमधल्या मराठी घरांतून दोन विषय हमखास निघतात. एक गणपतीच्या हॉलचा आणि दुसरा मागच्या अंगणातल्या गवताचा. तीन-चार महिने पाणी पिऊन बसलेली जमीन हळूहळू मोकळी होऊ लागते. गवत कापायचे यंत्र बाहेर काढावे की आणखी आठवडाभर थांबावे, यावर घरात खल होतो आणि घाई करणाऱ्याच्या अंगणात चाकांच्या दोन लांब चऱ्या उमटतात. त्याच आठवड्यांत आणखी काही मंडळी नेमक्या याच प्रश्नाशी झटत असतात. ती म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतींवर, म्हणजे हर्डल आणि स्टीपलचेसवर, चार डॉलर लावणारी मंडळी. जमीन वाळते आहे हे सगळ्यांनाच दिसते. किती वाळली, आणि वाळली म्हणजे घोड्याच्या पायाखाली नेमके काय झाले, हे फार थोड्यांना कळते. आणि जे थोड्यांना कळते त्यालाच बाजारात भाव मिळतो.

आपल्याकडे ‘रेस’ हा शब्द मोठ्याने उच्चारायची सोय नाही. गिरगावातल्या चाळीत काय किंवा पुण्याच्या पेठेत काय, अमक्याला रेसचा नाद लागला म्हटले की पुढची गोष्ट सांगावी लागत नसे. बायकोच्या पाटल्या, पतपेढीचे कर्ज आणि शेवटी गावाकडचा जमिनीचा तुकडा, हे सगळे त्या एका वाक्यात आलेले असे. ती धास्ती खोटी नव्हती, आणि इथे आल्यावर ती विसरावी असेही मला म्हणायचे नाही. पण इथे कचेरीत नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कपची चिठ्ठी तुमच्याही हातात येतेच, आणि कोपऱ्यावरच्या पबमध्ये टीएबीचे यंत्र भिंतीला टेकून उभे असतेच. मग जे काही चालले आहे ते निदान समजून तरी घ्यावे. पैसे लावणाऱ्यांपैकी बहुतेकजण ‘कोण जिंकेल?’ एवढाच प्रश्न विचारतात. तो अर्धाच प्रश्न झाला. उरलेला अर्धा म्हणजे ‘त्याच्या जिंकण्याची बाजाराने लावलेली किंमत बरोबर आहे का?’ वाळत्या जमिनीवर या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर्षातल्या इतर कोणत्याही वेळेपेक्षा जास्त वेळा ‘नाही’ असे येते.

आधी या शर्यतींविषयी थोडे. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर आपण पाहिल्या त्या सगळ्या सपाट शर्यती. दोन-अडीच मिनिटांत निकाल. इथल्या अडथळ्यांच्या शर्यती तीन हजार मीटरच्या आसपास सुरू होतात आणि मोठ्या स्टीपलचेस साडेपाच-सहा हजार मीटरपर्यंत जातात. घोडे बहुधा वयाने मोठे आणि सपाट शर्यतींतून आलेले. पाठीवरचे वजन पासष्ट किलोंपासून सत्तर-बाहत्तर किलोंपर्यंत. ख्राइस्टचर्चच्या रिकार्टन मैदानावरची ग्रँड नॅशनल स्टीपलचेस 1875 पासूनची. ऑकलंडची ग्रेट नॉर्दर्न 1885 पासूनची. ग्रेट नॉर्दर्न एलर्स्लीच्या मैदानावर 6400 मीटरची होत असे आणि घोड्यांना तिथली टेकडी तीनदा चढावी लागे. न्यूझीलंडच्या घोड्यांनी या खेळात परदेशातही नाव काढले आहे. 1904 मध्ये मोइफा, 1991 मध्ये सीग्रम आणि 1997 मध्ये लॉर्ड गिलीन, या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या तीन घोड्यांनी इंग्लंडमधली एंट्रीची ग्रँड नॅशनल जिंकली. मोइफाचा भाव तेव्हा 25 ला 1 असा होता. म्हणजे तिकडच्या बाजारालाही या घोड्याची किंमत कळलेली नव्हती.

या शर्यती हिवाळ्यात होतात त्याला कारण आहे. मऊ जमिनीवर वेग कमी राहतो, आणि उडी मारून उतरताना पायाला बसणारा हादराही कमी. त्यामुळे मोसम शरद ऋतूत सुरू होतो, जून-जुलै-ऑगस्टच्या चिखलात रंगतो आणि वसंताच्या तोंडाशी संपतो. ग्रेट नॉर्दर्नची गंमत अशी की ती पूर्वी जूनमध्ये, राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीला होत असे. पुढे ती सप्टेंबरकडे सरकली. एलर्स्लीची टेकडी विकली गेली, तिथल्या अडथळ्यांच्या शर्यती इतिहासजमा झाल्या आणि 2020 नंतरच्या वर्षांत ही शर्यत ते अरोहाला, डोंगराच्या पायथ्याशी गेली. नाव तेच राहिले, पण भर चिखलातली शर्यत वाळत्या जमिनीवरची झाली. ‘ग्रेट नॉर्दर्न कसला घोडा जिंकतो’ याबद्दलची जुन्या लोकांची मते ऐकताना ती कोणत्या महिन्यातली आहेत हे विचारून घ्यावे.

आता जमीन. इथे मैदानाची स्थिती आकड्यांत सांगतात. 1 आणि 2 म्हणजे ‘फर्म’, 3-4 ‘गुड’, 5 ते 7 ‘सॉफ्ट’ आणि 8 ते 10 ‘हेवी’. पूर्वी ‘डेड’ आणि ‘स्लो’ असेही शब्द होते. जुने निकाल चाळताना ते भेटतात. हा आकडा ठरवताना पेनिट्रोमीटर नावाचे साधे उपकरण वापरतात. एका सळईवर ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून टाकायचे आणि सळई जमिनीत किती रुतली ते मोजायचे. मैदानभर ठिकठिकाणी असे करून सरासरी काढतात. ज्यांनी पुण्याचा पावसाळी मोसम पाहिला आहे त्यांना हा शब्द परका नाही; तिथेही शर्यतीच्या दिवशी पेनिट्रोमीटरचा आकडा जाहीर होतो. जुलैत चिखल तुडवणारा पुण्याचा घोडा ऑक्टोबरात मैदान कडक झाल्यावर मागे का पडतो, हे तिथल्या जाणत्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

पण हा आकडा एकाच गोष्टीचे मोजमाप आहे: सळई किती आत गेली. चिकटपणाचे मोजमाप त्यात नाही. इथेच आपल्या शेतकऱ्याचा एक शब्द कामाला येतो, ज्याला मला इंग्रजीत जोड सापडलेली नाही. तो शब्द म्हणजे वाफसा.

काळ्या जमिनीत वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. मोठा पाऊस पडून गेला की शेतात पाणी साचते; त्यात पाय टाकला तर पचकन आत जातो, पण तसाच बाहेरही येतो. दोन दिवस ऊन पडले की पाणी निघून जाते आणि जमीन वरून बरी दिसू लागते. पण याच वेळी तिच्यात शिरणे सगळ्यात वाईट. चिखल घट्ट होतो, चिकट होतो, वहाण ओढून घेतो, औताला ढेकळे लगडतात, बैल अर्ध्या तासात दमतात. म्हणून जाणता शेतकरी आणखी थांबतो. मग एक दिवस माती हातात घेतली की तिचा लाडू होतो आणि बोटाने दाबला की फुटतो, हा वाफसा. त्यानंतरही ऊन तापत राहिले की जमीन कडक होते, तिला भेगा पडतात.

रेसकोर्सच्या गवताखाली हेच घडते. ऑगस्टमधला ‘हेवी 10’ म्हणजे पहिली अवस्था: पाणीच पाणी, पण खूर आत जातो आणि सुटतो. त्यानंतर आठवडाभर पाऊस थांबला आणि आकडा 10 वरून 8 वर किंवा 7 वर आला, की वर्तमानपत्र लिहिते ‘मैदान सुधारले’. आकड्याने ते सुधारलेले असते. घोड्याच्या दृष्टीने बरेचदा ते बिघडलेले असते, कारण आता तो दुसऱ्या, चिकट अवस्थेत धावणार असतो. प्रत्येक पाऊल उपटून काढायचे, तेही तीन-चार किलोमीटर, पाठीवर सत्तर किलो घेऊन. इथले लोक अशा मैदानाला ‘होल्डिंग’ म्हणतात, म्हणजे धरून ठेवणारे. आकडा आणखी उतरून 5 किंवा 4 पर्यंत आला, की वाफसा येतो आणि खेळच बदलतो.

सगळा मुद्दा या दोन पायऱ्यांचा आहे. बाजार पुष्कळदा वाळणे ही एकच सरळ रेष धरतो: ओले, कमी ओले, कोरडे. त्यामुळे पहिल्या उन्हाबरोबर पैसा चिखलातल्या घोड्यांकडून कोरड्या जमिनीच्या घोड्यांकडे वाहू लागतो. माझ्या मते तो एक आठवडा लवकर वाहतो. चिकट अवस्थेत ताकद आणि दम यांचीच परीक्षा असते, उलट जास्त कडक; तेव्हा हिवाळ्यात चिखलात टिकलेल्या घोड्याचा भाव ‘मैदान सुधारले’ या बातमीमुळे वाढला असेल, तर तो घ्यावा. आणि त्यापुढच्या आठवड्यात, खरा वाफसा आल्यावर, लोक आधीच्या शर्यतीचा निकाल पाहून पुन्हा चिखलवाल्याकडे धावतात. तेव्हा उलट बाजूला जावे.

जमीन कुठली आहे हेही पाहायला हवे. रिकार्टन कँटरबरीच्या मैदानी प्रदेशात आहे. खाली नद्यांनी आणून टाकलेले गोटे आणि वाळू. पाणी झरझर खाली जाते आणि त्यात तिथला प्रसिद्ध वायव्येचा वारा सुटला तर जमीन पाहता पाहता वाळते. हा वारा डोंगर ओलांडताना आपला पाऊस पश्चिम किनाऱ्यावर टाकून येतो आणि या बाजूला कोरडा, उबदार होऊन उतरतो. आपल्याकडे सह्याद्री उतरून देशावर येणारे ढग कसे रिकामे होऊन येतात, तसेच. तिथे चिकट अवस्था फार दिवस टिकत नाही. उत्तरेकडे वाइकाटो-हाउराकीच्या बाजूला गोष्ट निराळी. ते अरोहाजवळून वाइहो नदी वाहते, आसपास सखल ओलसर प्रदेश, पाऊस वारंवार. सप्टेंबरात सूर्य अजून अंगात भिनलेला नसतो. त्यामुळे नुसत्या उन्हाने जमीन वाळत नाही, वारा लागतो. दोन दिवस ऊन आणि वारा पडलेला, यापेक्षा एक दिवस ढगाळ पण सोसाट्याचा वारा जास्त काम करतो. अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या गृहिणींना हे आमच्यासारख्या अभियंत्यांपेक्षा आधी कळलेले असते.

आणखी एक बारकावा. पुष्कळ मैदानांवर हर्डल सपाट शर्यतीच्याच धावपट्टीवर होतात, पण स्टीपलचेसचे अडथळे आतल्या बाजूच्या वेगळ्या पट्ट्यावर असतात. त्या पट्ट्यावर वर्षात फार कमी शर्यती होतात, गवत दाट असते आणि माती तितकी दाबली गेलेली नसते. जाहीर झालेला एकच आकडा दोन्हीकडे सारखाच खरा असेल असे धरू नये. हर्डलमध्ये वाफसा आला असताना स्टीपलचेसचा पट्टा अजून चिकट असू शकतो.

घोड्यांकडे येऊ. इथल्या शर्यत-पुस्तकात प्रत्येक घोड्याच्या मागच्या धावांपुढे त्या दिवशीचा मैदानाचा आकडा छापलेला असतो. बहुतेक लोक शेवटच्या तीन-चार धावा पाहतात. सप्टेंबरात त्या सगळ्या जून ते ऑगस्टच्या असतात, म्हणजे सगळ्या चिखलातल्या. त्यावरून वाफशावरचा घोडा निवडणे म्हणजे आषाढातला चालण्याचा वेग पाहून फाल्गुनातल्या शर्यतीचा निकाल सांगणे. म्हणून मागे जावे. गेल्या वर्षीचा वसंत, त्याआधीचा. आणि घोडा अडथळ्यांकडे येण्यापूर्वी सपाट शर्यतींत दोन हजार मीटरच्या वर, गुड मैदानावर काय करत होता. ज्याने तिथे दोन-तीन शर्यती जिंकल्या आणि या हिवाळ्यात ‘हेवी 10’ वर पाचवा, सहावा, आठवा आला, तो घोडा बिघडलेला नसेल; फक्त पोहता न येणारा असेल. हिवाळ्यातल्या त्या तीन वाईट आकड्यांमुळेच आज त्याचा भाव मोठा असतो.

मात्र वाईट आकडा आणि वाईट उडी यांत फरक करावा. घोडा शेवटच्या सहाशे मीटरपर्यंत बरोबर होता आणि मग चिखलात विरघळला, तर ते जमिनीचे काम. पण तो तिसऱ्या अडथळ्यालाच चाचरत असेल, डावीकडे झुकून उडी मारत असेल, तर कोरडी जमीन त्याला वाचवणार नाही. उलट वेग वाढल्यावर चूक महाग पडते. चिखलात घोडा अडथळ्याशी जवळजवळ चालत येतो, तिथे टाकायचे पाऊल चुकले तरी सावरायला वेळ असतो. वाफशावर तो वेळ नसतो. म्हणून वसंतात मी पुढे राहून नीटस उड्या मारणाऱ्या घोड्याला इतरांपेक्षा जास्त गुण देतो. 1997 ची एंट्रीची शर्यत आठवा. बॉम्बच्या धमकीमुळे ती शनिवारऐवजी सोमवारी झाली, आणि लॉर्ड गिलीन जवळपास सुरुवातीपासून पुढे राहून चांगल्या जमिनीवर 25 लेंग्थने जिंकला. मागचे घोडे दमून त्याला गाठतील ही आशा चिखलात धरता आली असती.

वजनाचे काय? हँडिकॅपर जिंकणाऱ्या घोड्यावर वजन चढवत जातो. हिवाळ्यात तीन शर्यती मारणारा घोडा सप्टेंबरात सर्वांत जड असतो, आणि ते वजन त्याने चिखलात कमावलेले असते. चिकट जमिनीवर ते त्याला खाते. वाफशावर तेच वजन थोडे हलके पडते. पण तिथे त्याचा चिखलातला वरचढपणाही उरत नाही. दोन्ही बाजूंनी बोलता येते, आणि पबमध्ये लोक बोलतातही. मी जमीन आधी पाहतो आणि वजन मागून.

आता भाव. या देशाने बुकी लोकांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कायद्याने हद्दपार केले आणि टोट ठेवले. टोट म्हणजे सगळ्यांचे पैसे एका पेटीत, त्यातून ठरलेली कपात, आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटून. हा हिशोब आपोआप करणारे जगातले पहिले यंत्र 1913 मध्ये एलर्स्लीलाच बसले. ते बनवणारा जॉर्ज ज्युलियस हा ख्राइस्टचर्चच्या बिशपचा मुलगा. मुळात त्याने मते मोजण्याचे यंत्र बनवले होते, ते सरकारने नाकारले म्हणून ते घोड्यांच्या कामी आले. 1951 मध्ये टीएबी सुरू झाली, मैदानाबाहेर टोटवर कायदेशीर पैसे लावायची सोय. 1990 च्या दशकात ठरलेल्या भावाचा, म्हणजे फिक्स्ड ऑड्सचा, व्यवहार आला. इंग्लंडात दहा बुकींचे दहा भाव पाहून चांगला निवडता येतो. इथे दुकान एकच. तेव्हा निवड राहते ती ठरलेला भाव आणि टोटचा अंदाजे भाव या दोघांत, आणि आज घ्यायचा की शर्यतीच्या सकाळी, यात.

एक काल्पनिक शर्यत घेऊ. सहा घोडे, भाव असे: 2.20, 4.50, 6, 8, 11 आणि 13 डॉलर. इथला भाव मूळ डॉलर धरून सांगतात. प्रत्येक भावाने 100 ला भागले की बाजाराच्या मते त्या घोड्याची शक्यता मिळते: साधारण 45, 22, 17, 12.5, 9 आणि 8 टक्के. बेरीज करा, 100 यायला हवी ती 114 च्या जवळ येते. हे वरचे 14 म्हणजे दुकानाचा नफा. म्हणजे डोळे मिटून पैसे लावणारा सुरुवातीलाच मागे असतो. आता ते वरचे काढून टाकले की पहिल्या घोड्याची खरी शक्यता 40 च्या आसपास आणि आठ डॉलरवाल्याची 11.

समजा पहिला घोडा म्हणजे हिवाळ्याचा राजा, सगळे विजय ‘हेवी’ वर. आठ डॉलरवाला म्हणजे आपला न पोहणारा, पण सफाईने उड्या मारणारा. आठवडाभर वारा सुटला आहे, आकडा 5 वर आला आहे, माती लाडूसारखी फुटते आहे. मी राजाची शक्यता 40 वरून 32 वर आणतो. तशा शक्यतेचा योग्य भाव 3.10 च्या वर व्हायला हवा; दुकान देते 2.20. तो बहुधा जिंकेलही, सहाजणांत तोच पहिला आहे. तरी तो घेण्यासारखा नाही. आठ डॉलरवाल्याला मी 16 टक्के देतो. 16 ला 8 ने गुणले की 128. म्हणजे शंभर डॉलरमागे सरासरीने 128 परत. हा घ्यायचा घोडा. आणि तो सहापैकी पाच वेळा हरणार आहे, हे पैसे लावतानाच माहीत असले पाहिजे.

इथे आमच्यासारख्या गणितवाल्यांची फसगत होते. 16 हा आकडा कुठून आला? तो माझा अंदाज आहे. त्याला दशांश चिन्ह लावले म्हणून तो शास्त्र होत नाही. तो 16 ऐवजी 12 असेल तर 12 गुणिले 8 म्हणजे 96, आणि सगळा नफा तोट्यात गेला. म्हणून जिथे फरक थोडा आहे तिथे हात आखडावा. माझा अंदाज एक चतुर्थांशाने चुकला तरी निदान बरोबरी होईल, एवढी मोकळी जागा भावात असावी. वरच्या उदाहरणात ती जेमतेम नाही. मग मी काय करीन? शर्यतीच्या सकाळपर्यंत थांबेन आणि भाव 9 झाला तर घेईन. अडथळ्यांच्या मोसमाच्या शेवटच्या पाच-सहा दिवसांत असे दोन-तीन घोडे मिळाले तरी पुष्कळ.

आणि समजा 16 अगदी बरोबर आहे. तरीही अशा दहा घोड्यांवर लावून दहाही हरण्याची शक्यता साडेसतरा टक्के, म्हणजे जवळजवळ सहात एक आहे. पाल्हाळ लावण्याचे कारण हे की नाद लागतो तो इथे. माणूस सहा-सात वेळा हरतो, पद्धत चुकली नाही अशी त्याची खात्री असते आणि गेलेले भरून काढायला तो आठव्या वेळी तिप्पट लावतो. त्यात मोसम संपत आलेला. पुढच्या शर्यती शरदात, म्हणजे ‘आत्ता नाही तर सहा महिन्यांनी’. बायकोला न सांगता कार्डावर टाकलेले पैसे बहुतेक याच आठव्या वेळचे असतात. मुंबईतल्या चाळीतही पाटल्या पहिल्या दिवशी गेलेल्या नव्हत्या. म्हणून मोसम सुरू होताना घरात दोघांनी मिळून एक रक्कम ठरवावी, ती गेली असे समजून वेगळी ठेवावी आणि प्रत्येक वेळी तिचा पन्नासावा भाग लावावा. ती संपली की संपली. ज्याला हे घरात मोठ्याने सांगता येत नाही त्याने लावूच नये. आणि ज्याला थांबता येत नाही त्याच्यासाठी इथे जुगाराची मोफत मदतवाहिनी आहे, तिच्यावर बोलण्यात कमीपणा नाही.

उरलेल्या खाचाखोचा झटपट सांगतो. टोटवर ‘प्लेस’ लावणाऱ्याने घोडे मोजावेत: आठ किंवा अधिक धावले तर पहिल्या तिघांना पैसे मिळतात, त्याहून कमी असतील तर दोघांनाच, आणि फारच थोडे असले तर प्लेसच नसते. अडथळ्यांच्या शर्यतींत घोडे मुळात कमी. आठांपैकी एक सकाळी मागे घेतला, की तुमचा तिसरा क्रमांक हवेत विरतो. आणि जमीन वाळली की घोडे मागे घेतले जाण्याचे प्रमाण वाढते. ज्याच्या पायाच्या शिरेला पूर्वी दुखापत झाली आहे अशा घोड्याला शहाणा ट्रेनर कडक जमिनीवर उतरवत नाही. हे बरोबरच आहे. या खेळावर घोड्यांच्या इजांमुळे टीका होते आणि ती टीका हवेतली नाही. शेजारी न्यू साउथ वेल्सने 1997 मध्ये आणि साउथ ऑस्ट्रेलियाने 2022 मध्ये अडथळ्यांच्या शर्यती कायद्याने बंद केल्या. मैदान ‘गुड 3’ कडे झुकू लागले की मी स्वतः पैसे लावत नाही. त्याला भावाचे कारण आहेच, कारण मग शर्यत कोणाची पडझड होते यावर ठरते. आणि पाहवतही नाही.

शेवटी, शक्य असेल तर प्रत्यक्ष मैदानावर जा. ते अरोहा ऑकलंडहून दोन तासांच्या आतबाहेर आहे, मुलांना डोंगर आणि गरम पाण्याचे झरे आवडतात, डबा बरोबर नेता येतो. पहिली शर्यत पैसे न लावता पाहा आणि घोडे परत येतात त्या फाटकापाशी उभे राहा. जॉकीच्या पांढऱ्या विजारीवर गढूळ पाण्याचे शिंतोडे असतील तर जमिनीत अजून पाणी आहे. छातीवर, चष्म्यावर मातीचे गोळे चिकटलेले असतील, घोड्याच्या पोटाखाली लिंपल्यासारखा थर असेल, तर कागदावर आकडा काहीही असो, जमीन धरते आहे. हिवाळ्याचे राजे अजून राजेच आहेत. आणि विजार जवळपास पांढरीच परत आली, खुरांमागून उडालेली ढेकळे धावपट्टीवर सुटी, भुसभुशीत पडलेली दिसली, तर वाफसा आला. पुढच्या शर्यतीला तेव्हा अर्धा-पाऊण तास असतो, आणि फळ्यावरचा भाव बहुधा सकाळचाच असतो.